गळा एक, कामं दोन

संगीत नाटकात ऑर्गनवाला रंगमंचाच्या पुढ्यात, खाली बसतो. तिथून नटाचा चेहरा अर्धामुर्धाच दिसतो. छाती आणि पोट मात्र बरोबर डोळ्यांच्या रेषेत येतं. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून मी तरुणपणापासून याच जागी बसत आलो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले हौशी संच, गोव्यात देवळांच्या जत्रांना होणारी नाटकं, राज्य संगीत नाट्यस्पर्धा. गाणं आणि अभिनय एकाच माणसाने कसे सांभाळायचे, हे मला समोरच्याचा श्वास बघत बघत समजत गेलं. तो कुठे संपतो, कुठे भरून येतो, कुठे उसना घेतला जातो, हे खालून लपत नाही.

गद्य नटाला श्वास उधळायची मुभा असते. तो ओरडतो, हुंदका देतो, धावत येऊन धापा टाकत बोलतो आणि ती धापसुद्धा अभिनयात जमा होते. गायकाचं सगळं लक्ष श्वास राखण्याकडे. त्याला एका दमात ओळ पुरी करायची असते, समेवर पोचायचं असतं आणि पोचल्यावर दमल्याचं दिसूही द्यायचं नसतं. संगीत नाटकात हे दोन्ही व्यवहार मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतराने एकाच छातीत चालतात. ‘सौभद्र’मधली सुभद्रा चिडते, रडते, भावाच्या नावाने बोटं मोडते आणि लगेच तिला पद उचलायचं असतं. तिच्या शेवटच्या वाक्याखाली आम्ही हळूच सूर भरायला लागतो. प्रेक्षकाला तो वेगळा ऐकू येऊ नये, पण तिच्या कानात मात्र पडावा, इतका. ते वाक्य षड्जाच्या आसपास येऊन टेकलं, तर बोलणं संपून गाणं कधी सुरू झालं ते कळतच नाही. नाही टेकलं, तर बोलणारी बाई थांबते आणि तिच्या जागी एक गायिका उभी राहते. प्रेक्षकाला ही फट नेमकी सांगता येत नाही, पण जाणवते.

ही फट बहुतेक वेळा गद्यात पडते, पदात नाही. भारदस्त वाटावं म्हणून नवा नट आवाज खाली दाबून बोलतो. ‘मानापमान’मधला धैर्यधर म्हणजे शूर सेनापती, तेव्हा घोगरं बोललं पाहिजे, अशी त्याची समजूत असते. पाच मिनिटं तसं बोलल्यावर त्याचा गळा खालच्या सुरांत बसलेला असतो, आणि ऑर्गनने दिलेला षड्ज त्याला एकदम चढा वाटायला लागतो. पहिली ओळ उतरते. मग ती सावरायला तो ताना घेतो. तालमीत मी अशा मुलांना आधी गाऊ देत नाही. त्यांच्याकडून घरगुती बोलणं बोलून घेतो: जेवलास का, एसटी किती वाजता आली, आईचं बरं आहे ना. तो जिथे सहज बोलतो, तिथून त्याची गाण्याची पट्टी शोधायला लागतो. बहुतेकांना हे पटत नाही. ‘रेकॉर्डमध्ये आहे तीच पट्टी द्या’ असा त्यांचा आग्रह असतो. कुणा थोर माणसाच्या उंचीचे कपडे घालून उभं राहावं, तसं ते दिसतं.

पट्टीचा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. कृष्ण काळी एकमध्ये गाणार आणि सुभद्रा काळी चारमध्ये, म्हणून तबलजीला दोन तबले वेगवेगळ्या सुरांत लावून ठेवावे लागतात. दोघांचं एकत्र पद आलं की कुणाला तरी आपली सोय सोडावी लागते. अशा वेळी ज्याला आपला गळा नीट माहीत आहे, तो थोडं सोडू शकतो आणि तरी शाबूत राहतो. ज्याला माहीत नाही, तो एक तर हट्ट धरतो, नाही तर वाहून जातो. नट-गायकाच्या सगळ्या आयुष्यालाच हे लागू आहे, असं माझं मत बनत गेलं आहे, आणि ज्यांची आयुष्यं आपल्याला माहीत आहेत, त्यांच्याकडे बघताना ते पक्कं होत जातं.

मुळात आपल्याकडे पात्रं गात नसत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा गाण्याची जबाबदारी सूत्रधाराची होती. तो पदांमधून कथा सांगायचा, पात्रं आपापलं बोलायची. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ आणलं आणि गाणं पात्रांच्या तोंडी दिलं. पाठोपाठ १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आलं. मराठी रंगभूमीने त्या दिवसांत फार मोठी मागणी करून ठेवली: बोलणाऱ्यानेच गायचं आणि गाणाऱ्यानेच बोलायचं. असा माणूस मिळणं कठीण. कंपन्या गळा शोधत गावोगाव फिरू लागल्या. भाऊराव कोल्हटकर बडोद्याहून किर्लोस्कर मंडळीत आले ते त्यांच्या आवाजामुळे. अभिनय मागाहून शिकवता येईल, गळा कुठून आणणार, असा तो हिशेब होता. नाटक गाण्यासाठी थांबतं ही तक्रारही तेव्हापासूनची, आणि ती खोटी नव्हती.

या तक्रारीला बालगंधर्वांनी जे उत्तर दिलं, ते मला आजही सगळ्यांत समाधानकारक वाटतं. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले. १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. गाण्याचे गुरू भास्करबुवा बखले. १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवांनी चाली दिल्या, त्या भूप, यमन, बिहाग अशा भरभक्कम रागांतल्या, ख्यालाच्या बंदिशींवर बेतलेल्या. म्हणजे मालमसाला सगळा मैफलीचा. पण ध्वनिमुद्रिका कान देऊन ऐका. बालगंधर्व शब्द बोलतात. राग, लय, हरकती सगळं आहे, आणि तरी एक तरुण मुलगी आपल्या मनातलं सांगते आहे हे एका अक्षरापुरतंही सुटत नाही. लयीला किंचित मागे राहून ते शब्द टाकतात, जणू नाटकातल्या रुक्मिणीला तो शब्द त्याच क्षणी सुचला. ऑर्गनवर त्यांची साथ करणाऱ्या हरिभाऊ देशपांड्यांना काय अवधान ठेवावं लागत असेल, याची मला माझ्या धंद्यामुळे कल्पना येते. गाणारा कुठे थांबेल हे तालावरून ठरत नव्हतं, रुक्मिणीच्या मनावरून ठरत होतं.

स्त्रीभूमिकांतल्या त्यांच्या शालूंचं, दागिन्यांचं वर्णन आपण पुष्कळ वाचतो. मला ‘एकच प्याला’तली सिंधू जास्त महत्त्वाची वाटते. गडकऱ्यांचं हे नाटक त्यांच्या निधनानंतर, १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. ज्या नटाचे भरजरी शालू बघायला लोक येत, तो ठिगळांच्या लुगड्यात जात्यावर बसला. गायक म्हणून तिथे मोह किती असेल! थिएटर भरलेलं, ‘वन्समोअर’ द्यायला लोक तयार. पण नवऱ्याच्या दारूने उद्ध्वस्त झालेली, उपाशी बाई किती आणि कशी गाईल, याला मर्यादा आहेत. ती मर्यादा सांभाळणं हे मैफलीत दोन तास गाण्यापेक्षा अवघड काम आहे. पुढे वन्समोअरमुळे गंधर्वांची नाटकं पहाटेपर्यंत लांबू लागली आणि त्यात नाटकाचं नुकसान झालं, असंही माझं मत आहे. प्रेमाने टाळ्या वाजवणारा प्रेक्षकच कधी कधी नटाला भूमिकेतून उचलून गायकाच्या बैठकीवर नेऊन बसवतो. तिथून परत भूमिकेत उतरणं सगळ्यांना जमत नाही.

१९२१ चा संयुक्त ‘मानापमान’ही इथे आठवतो. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलैला मुंबईत बालगंधर्व आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले एका रंगमंचावर आले. एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांचे मालक, एक भामिनी, एक धैर्यधर. केशवरावांचा गळा तेजस्वी आणि आक्रमक, बालगंधर्वांचा लडिवाळ. कुणीही दुसऱ्याची नक्कल केली नाही, म्हणून तो प्रयोग अजून बोलला जातो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी.

मग बोलपट आला. बालगंधर्वांनी ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त (१९३५) एकनाथांची भूमिका केली आणि त्या एका चित्रपटानंतर ते प्रभातमधून बाहेर पडले. समोर प्रेक्षक नाही, काम तुकड्यातुकड्यांनी, साथीदारांकडे बघून लय ठरवायची सोय नाही. ज्याचं गाणं समोरच्या माणसांच्या श्वासावर चालायचं, त्याला ते मानवणं कठीणच होतं. पण हे माध्यमच खोटं, असं म्हणायला मी तयार नाही. कारण पुढच्याच वर्षी विष्णुपंत पागनीस त्याच प्रभातमध्ये ‘संत तुकाराम’ झाले. एके काळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेला, नंतर भजनात रमलेला हा माणूस. कॅमेऱ्यासमोर त्यांनी फारसं काही केलं नाही, ते फक्त तिथे होते. त्यांचं बोलणं आणि अभंग यांत शिवण सापडत नाही. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाची दखल घेतली गेली, ती मराठीचं अक्षर न कळणाऱ्या लोकांकडून.

१९३५ मध्ये आणखी एक गोष्ट घडली होती. कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूप छाँव’मध्ये पार्श्वगायन वापरलं. गाणं आधी मुद्रित करायचं आणि पडद्यावर दुसऱ्याने ओठ हलवायचे. किर्लोस्करांनी एका शरीरात आणून बसवलेली दोन कामं यंत्राने पुन्हा वेगळी केली. यात वाईट काही नाही; लताबाईंचं, आशाबाईंचं गाणं आपल्याला मिळालं ते याच वाटेने, आणि त्या दीनानाथ मंगेशकरांच्या, म्हणजे एका थोर नट-गायकाच्या मुली. पण एक नुकसान झालं. दोन्ही करणाऱ्याला ‘तू नक्की कोण?’ असं विचारायची पद्धत पडली. शांता आपटे गातही होत्या आणि अभिनयही करत होत्या. ‘कुंकू’मध्ये स्वतःच्या आवाजात गायल्या, पुढे प्रभातच्या फाटकावर उपोषणाला बसल्या आणि १९४० मध्ये ‘जाऊ मी सिनेमात?’ नावाचं पुस्तकही लिहिलं. त्या प्रश्नचिन्हात आजच्या पुष्कळ मुलींचा प्रश्न आहे.

बायकांच्या वाट्याला तर अडचण दुहेरी आली. रंगभूमीवरची स्त्रीची पदं पुरुषांच्या गळ्यासाठी बसवलेली, पुरुषांनी अजरामर केलेली. सुभद्रा, भामिनी, रुक्मिणी, सिंधू कशा गातात हे एका पुरुषाने ठरवून ठेवलेलं, आणि आता खऱ्या बाईने ते गायचं. हिराबाई बडोदेकरांनी भाऊ सुरेशबाबूंसह नाटक मंडळी काढली, स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि किराणा घराण्याचा आपला शांत, स्वच्छ सूर तसाच ठेवला. मंडळी कर्जात गेली आणि बंद पडली. हिराबाईंची मैफल शेवटपर्यंत टिकली. जयमाला शिलेदारांनी उलट वाट धरली. बालगंधर्वांची गायकी त्यांनी मनापासून पत्करली, त्यांच्याबरोबर कामही केलं, आणि तीच आपली म्हणून आयुष्यभर चालवली. निष्ठेने दुसऱ्याचं घेऊन ते आपलं करता येतं, याचा जयमालाबाई पुरावा आहेत. त्यांची मुलगी कीर्ती हिने १९७२ मध्ये विद्याधर गोखल्यांच्या ‘स्वरसम्राज्ञी’त एक साधी मुलगी मोठी गायिका होताना दाखवली. त्या नाटकात गाणं येणं हाच अभिनय होता. सुरुवातीला कच्चं गाणं गायचं आणि शेवटी पक्कं, आणि कच्चं गातानाही बेसूर व्हायचं नाही. करून बघा म्हणजे कळेल.

ज्योत्स्ना भोळे मला या सगळ्यांत निराळ्या वाटतात. गोव्यातल्या बांदिवड्याच्या. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’त त्यांनी बिंबाची भूमिका केली, केशवराव भोळ्यांनी त्यात मोजकी, भावगीताच्या अंगाची पदं ठेवली. कारण साधं होतं. दिवाणखान्यात बसलेली आजची मुलगी ताना घेत नाही, गुणगुणते. गाणं कमी करून गायिका मोठी झाल्याचं हे उदाहरण आहे. १९४२ च्या ‘कुलवधू’त त्यांची भानुमती स्वतःच्या कर्तृत्वावर उभी राहिलेली बाई होती आणि मास्टर कृष्णरावांच्या चालींवर ती गायली, ती कुणाच्याही छायेत नव्हती.

आता वसंतराव देशपांडे. त्यांच्यासाठी थोडं जास्त थांबतो, कारण हा सगळा विषय त्यांच्या एका भूमिकेत एकवटला आहे.

जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा, वाढले नागपुरात. शंकरराव सप्र्यांकडे सुरुवात, मग लाहोरला असद अली खाँकडे मारवा, पुढे सुरेशबाबू माने, अमान अली खाँ, अंजनीबाई मालपेकर. शिवाय दीनानाथांच्या गाण्याची ओढ. लहानपणी ‘कालियामर्दन’ चित्रपटात कृष्ण झाले होते, म्हणजे कॅमेरा गळ्याइतकाच जुना ओळखीचा. एवढं असून वर्षानुवर्षं पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी. मध्ये नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, बदलीसुद्धा. एका घराण्याचा शिक्का नाही, गाणं बेचैन, कधी कुठे झेप घेईल याचा नेम नाही. शिस्तीच्या बैठकीतल्या काहींना ते रुचत नसे. बैठकीला रुचावं म्हणून त्यांनी ते सपाट केलं असतं, तर एक बरे गवई म्हणून नाव झालं असतं. त्यांनी ते केलं नाही.

२४ डिसेंबर १९६७ ला नाट्यसंपदेने ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आणलं. लेखन-दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, भार्गवराम आचरेकर पंडितजी, प्रसाद सावकार सदाशिव, फैयाज झरीना आणि वसंतराव खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले. वय ४७. खाँसाहेब म्हणजे विद्येने तालेवार, पण वर्षानुवर्षं दुसऱ्या क्रमांकावर राहिलेला माणूस. घराण्याची विद्या छातीशी धरून बसलेला, गाण्यावर जीव टाकणारा आणि त्याच गाण्यापायी क्रूर होणारा. वसंतरावांच्या ज्या बेचैनीला बैठकीत नाकं मुरडली जात, ती इथे खाँसाहेबांचा स्वभाव झाली. रागांमागून राग बदलत जाणारं त्यांचं ते प्रसिद्ध पद ऐका. तान येते ती कसब दाखवायला नाही, खाँसाहेबांच्या डोक्यात संताप चढतोय म्हणून येते. गायक वसंतराव आणि नट वसंतराव यांच्यात वाटणी करायची वेळच आली नाही. दोन्ही कामांना पुरेल असा एकच माणूस आतून तयार होता.

मी तो प्रयोग पाहिलेला नाही, ध्वनिमुद्रणं ऐकली आहेत. पण ‘कट्यार’मधले प्रवेश घेऊन स्पर्धेला उतरलेल्या पुष्कळ खाँसाहेबांना मी साथ केली आहे. त्यातले बहुतेक वसंतराव गातात. तीच झडप, तोच खर्जातून वर मारलेला झोत, हाताचा तोच झटका. गळे चांगले असतात, मेहनत खरी असते. पण खाँसाहेब येत नाहीत, कारण वसंतरावांची तान त्यांच्या स्वतःच्या अस्वस्थतेतून आली होती आणि ह्या मुलांची अस्वस्थता दुसरी आहे. एका वर्षी एक मुलगा आला, शाळेत संगीतशिक्षक होता. गळा जड, ताना जेमतेम. त्याने पद संथ घेतलं आणि बोल एकेक तोडून, दात आवळून टाकले. हरलेला माणूस समोर उभा राहिला. बक्षीस दुसऱ्या कुणाला मिळालं. मला मात्र खाँसाहेब त्या दिवशी भेटले.

२०१५ मध्ये सुबोध भाव्यांनी ‘कट्यार’चा चित्रपट केला. पडद्यावरचे खाँसाहेब सचिन पिळगावकर, आवाज वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. सदाशिव झाले स्वतः सुबोध भावे आणि त्यांच्यासाठी गायले महेश काळे, ज्यांना त्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पंडितजी मात्र शंकर महादेवन यांनी स्वतःच केले आणि गायलेही. एकाच चित्रपटात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी बघायला मिळाल्या. पुढे ‘मी वसंतराव’मध्ये राहुल यांनी आजोबांची भूमिकाही केली आणि गाणंही, त्या गाण्यासाठी त्यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाण्याला पूर्ण वेळ देण्याआधी त्यांनी चार्टर्ड अकाउंटन्सीचं शिक्षण घेतलं होतं.

हा हिशेबाचा धागा मला महत्त्वाचा वाटतो. वसंतराव अकाउंट्समध्ये, ‘मत्स्यगंधा’तले पराशर रामदास कामत एअर इंडियात. लोक म्हणतात नोकरीत कला खर्ची पडली. काही अंशी पडतेच. पण त्या पगारामुळे नको ती भूमिका, नको ते गाणं नाकारता येत होतं. स्वतःशी प्रामाणिक राहायचं, हे बोलायला सोपं. महिन्याच्या पहिल्या तारखेला घरभाडं भरायचं असतं तेव्हा त्या प्रामाणिकपणाला आधार लागतो. आज तो आधार बहुतेक मुलांकडे नाही. नाटकाच्या नाईटवर घर चालत नाही, मैफलीची बिदागी बेभरवशाची, म्हणून मालिका.

आमच्या संचातल्या सुभद्रेला गेल्या पावसाळ्यात अशीच एक मालिका आली. मुलगी ख्यालाची नीट तालीम घेतलेली, पहाटे खर्ज लावणारी. काम नायिकेच्या बहिणीचं, चेहऱ्याबरोबर गळाही वापरू, असं आश्वासन. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘काका, मी घेऊ का?’ तिचे गुरुजी नको म्हणत होते, घरचे घे म्हणत होते.

मी हो-नाही सांगितलं नाही, कारण दोन्ही बाजूंची माणसं मला माहीत आहेत. आशालता वाबगावकर ‘मत्स्यगंधा’त सत्यवती म्हणून गायल्या आणि पुढे हिंदी पडद्यावर आईच्या भूमिकांत रमल्या, त्यांचं गाणं मागे पडलं तरी त्यांचा अभिनय कधी खोटा वाटला नाही. राम मराठे लहानपणी प्रभातच्या ‘गोपालकृष्ण’मध्ये कृष्ण झाले, मोठेपणी पडदा सोडून अनेक गुरूंकडे गाणं शिकले आणि गायक होऊनच ‘मंदारमाला’तून रंगमंचावर गाजले. आर्या आंबेकरने ‘ती सध्या काय करते’मध्ये नायिका केली आणि तरी ती ओळखली जाते गायिका म्हणून. केतकी माटेगावकरने ‘शाळा’, ‘टाइमपास’ असं पडद्यावरचं काम गाण्याबरोबर चालवलं. कुणी चुकलं असं मला म्हणता येत नाही.

म्हणून मी तिला फक्त गळ्याचं बोललो. बारा-तेरा तासांची शिफ्ट, एसी आणि धूळ आळीपाळीने. दिवसभर बारीक आवाजात, माईक जवळ आहे म्हणून श्वास न घेता बोलणं. मालिकेतलं गद्य गळ्याच्या वरवरच बोललं जातं, पोटातून येत नाही. सहा महिने तसं बोललेल्या मुली रंगमंचावर परत येतात तेव्हा तिसऱ्या रांगेच्या पलीकडे त्यांचा शब्द पोचत नाही आणि पदात दमसास तुटतो, हे मी खालून पाहिलं आहे. ते भरून निघतं, पण रोज खर्ज लावला तरच. तेव्हा सकाळचा तास राहणार आहे का, एवढं बघ. आणि गाणार असशील तर कुणाच्या पट्टीत, हे आधी विचार. नायिकेसाठी मुद्रित केलेल्या ट्रॅकवर तुला चढवणार असतील, तर ते तुझं गाणं नाही.

तिने ते खरोखर विचारलं. गाण्याचं आश्वासन हवेतलं निघालं. मालिकेची गाणी आधीच दुसऱ्या आवाजात तयार होती. सकाळी लवकरचा कॉल आठवड्यातून तीनच दिवस लावू, हे त्यांनी मान्य केलं. मग तिने मालिका घेतली, अभिनयाचं काम म्हणून. गाण्याचं नाव त्या करारात कुठेही येऊ दिलं नाही. गुरुजींना हे पटलं, कारण तिने दोन गोष्टींची भेसळ केली नव्हती.

या पिढीबद्दल मला आशा वाटते ती अशा मुलींमुळे, आणि रंगभूमीवर नव्याने येणाऱ्या कामांमुळेही. प्राजक्त देशमुखांच्या ‘संगीत देवबाभळी’त शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी दोघींनीच नाटक उभं केलं. बोलायच्या, घरातली कामं करायच्या आणि तशाच गायच्या. तुकोबांच्या आवलीचा वैताग आणि तिचा अभंग एकाच श्वासात यायचा. फिरोज अब्बास खान यांच्या ‘मुघल-ए-आझम’ या संगीतनाट्यात प्रियांका बर्वे अनारकली होऊन प्रत्यक्ष रंगमंचावर गायली. मुद्रित गाण्यावर ओठ हलवायची सोय असताना या बायकांनी अवघड वाट घेतली, आणि प्रेक्षकांनी ती ओळखली. ‘देवबाभळी’ला मी पहिल्यांदा प्रेक्षक म्हणून बसलो तेव्हा सवयीने त्यांच्या श्वासाकडेच लक्ष होतं. पहिल्या दहा मिनिटांनंतर ते राहिलं नाही. साथ करणाऱ्याच्या दृष्टीने याहून मोठी दाद नाही.

आमची सुभद्रा आता मुंबईत असते. मालिकेत तिचं काम बरं चाललंय, शेजारपाजारचे लोक तिला मालिकेतल्या नावाने ओळखायला लागलेत. स्पर्धेच्या प्रयोगाची तारीख तिने करार करतानाच सोडवून घेतली होती. तालमी येत्या आठवड्यापासून आहेत, आणि तिने तबलजीला आधीच फोन करून सांगितलंय की या वेळी अर्ध्या सुराने खाली, पांढरी पाच लाव. दिवसभर कॅमेऱ्यासमोर बोलून गळा सध्या तिथे आहे, तो जिथे आहे तिथूनच सुभद्रा गाईल.